कॉलरला मुरलेला वास

"जरा वाका," बायको म्हणाली आणि टाचा उंचावून तिने त्याच्या कॉलरला नाक लावलं.

तो दारातच वाकून उभा राहिला. चपलाही काढल्या नव्हत्या. कारखान्यातून आला की रोज हे असंच चाले. समोरच्या शेजारणीने तर एकदा आपल्या नवऱ्याला ऐकवलंही होतं, "बघा, शिका जरा." तिला काय माहीत, गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर ह्या माणसाला वास येणंच बंद झालं होतं, आणि त्याची नोकरी तर नाकाचीच होती.

कारखान्यात पेंढा, भुसा आणि भाजीबाजारातला सडका माल यांच्यातून साखरेचं पाणी काढत. ते टाक्यांत आंबवून त्याचं आम्ल करत, आणि त्या आम्लापासून मातीत विरघळणाऱ्या पिशव्या बनत. टाकी नीट आंबतेय की नासतेय, हे प्रयोगशाळा दुसऱ्या दिवशी सांगे. तो झाकण उघडून लगेच सांगे. सगळे त्याला नाकदादा म्हणत. तापातून उठल्यावर त्याने कुणाला काही कळू दिलं नाही. झाकण उघडायचं, वाफेवर मान धरायची, विचारात पडल्यासारखं करायचं आणि "चालू द्या" म्हणायचं. वाफ कॉलरमध्ये मुरे आणि निकाल घरी लागे. आजवर बायको "ठीक आहे" म्हणत आली होती.

आज मात्र तिने पुन्हा हुंगलं.

"खवट लोण्यासारखा येतोय."

"घामाचा असेल."

"तुमचा घाम मला ओळखू येत नाही होय?"

आज त्याने एकाच टाकीचं झाकण उघडलं होतं, आणि तिच्यातलं पाणी थोड्या वेळात पुढच्या टाक्यांत सोडणार होते. एक नासली की सगळ्या नासणार. कळवावं तर पहिला प्रश्न येणार, पाळी सोडताना ठीक कसं म्हणालास? नोकरी जाणारच. गप्प बसावं तर सगळ्यांचंच काम बुडणार. बायकोचा भाऊ गावोगावचा पेंढा ट्रॅक्टरने आणून टाकायचा, शेजारीण गठ्ठे बांधायला जायची. पूर्वी हाच पेंढा लोक शेतात जाळत आणि कामासाठी मुलं लांब जात. आता निम्म्या आळीची चूल त्या टाक्यांवर पेटत होती.

"फोनवर मला बोलता यायचं नाही," तो म्हणाला.

"मग चला. मीही येते."

"तू कशाला?"

"तिथे जाऊन तुम्ही कशाने हुंगणार? कानाने?"

ती सायकलच्या कॅरिअरवर बसली. उतारावरसुद्धा तो पेडल मारत होता.

पाळीप्रमुख बाई त्याच्याहून बरीच लहान होती. तिचा हात पंपाच्या बटणाकडे निघालाच होता.

"मॅडम, सोडू नका. टाकी नासलीय."

"घरी बसून कळलं तुम्हाला?"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. त्याचं नाक बंद पडून कित्येक महिने झाले होते, तोंड आज उघडलं. ताप, कॉलर, सगळं सांगून झालं तेव्हा त्याला बाईकडे बघवेना. बाई मात्र त्याच्या बायकोकडे बघत होती. बायको लोखंडी जिना चढली, झाकणाशी वाकली आणि झटकन मागे झाली.

"हाच तो."

बाईने व्हॉल्व्ह बंद केला आणि प्रयोगशाळेच्या माणसाला घरून बोलावून घेतलं. तो येऊन नमुने बघेपर्यंत तिघंही जिन्यावर बसून होती. नासली होती ती एवढी एकच टाकी. बाकीच्या सुखरूप होत्या.

"दादा, मला का नाही सांगितलंत?" बाईने विचारलं.

"वास गेला म्हणजे मीच संपलो, असं वाटलं."

"आणि मी तुमच्या भरवशावर कधी झाकणाशी गेलेच नाही." ती जिन्यावरून उठली. "आता प्रत्येक टाकी दोघंजण हुंगतील. तुम्ही पेंढ्याच्या आवारात या. ओला की सुका हे बघायला हात लागतो, नाक नाही. वहिनी, तुम्ही येता यांच्या जागी?"

"नको बाई. मला एकाच शर्टाची सवय आहे."

बाई हसली. त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. महिनोन् महिने तो हे उरावर घेऊन झोपत होता. परत येताना त्याने सायकल हातात धरून चालवली. घाई कशाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आवारातून सुटल्यावर फाटकावरच्या रखवालदाराने सवयीने "काय नाकदादा" म्हटलं आणि मग तो ओशाळून दुसरीकडे बघू लागला. नाकदादाने मात्र नेहमीसारखा हात हलवला. घरी आला तेव्हा केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या. बायकोने दार उघडलं, तर तो आपणहून वाकला.

"आता कशाला?" ती म्हणाली, पण टाचा उंचावल्याच. "पेंढ्याचा येतोय. उन्हात वाळलेल्या."

"आणखी?"

"आणखी तुमचा."

"तो कसा असतो गं?"

इतकी वर्षं ओळखीचा वास, पण तिला पटकन शब्द सापडेना.

"थांबा, सांगते," ती म्हणाली आणि तिने पुन्हा कॉलरला नाक लावलं.