बोरीकाठ संघाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी, पंधरा किलो तूप मावेल एवढा. माझा जन्म अमळनेरच्या एका तेलाच्या कारखान्यात झाला. तिथे रोज माझ्यासारखे शेकडो डबे तयार होत. पत्रा कापला जाई, वाकवला जाई, कथलाने सांधे जोडले जात, आणि मग आत वनस्पती तूप भरून माझे भाऊबंद मालगाडीने दूरदूर निघून जात. माझ्या वाट्याला तो प्रवास आला नाही. यंत्रात माझा एक कोपरा दबला. तपासणाऱ्या साहेबांनी माझ्या अंगावर खडूने फुली मारली आणि मला बाजूला टाकले.

तिथेच सांधे जोडण्याच्या कामावर तोताराम नावाचा एक तरुण कामगार होता. त्याने मला उचलले, उलटेसुलटे करून पाहिले आणि दोन्ही तळव्यांनी वाजवले. माझा आवाज त्याला आवडला. साहेबांना विचारून त्याने मला सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि घरी न जाता थेट मैदानावर नेले.

हे मैदान रेल्वेच्या रुळांपलीकडे होते. तिथे रोज पाच वाजता बोरीकाठ संघाची मुले फुटबॉल खेळत. कोणी कारखान्यातले, कोणी कॉलेजातले, कोणी बाजारातल्या दुकानदारांचे. तोतारामनेही एकदा खेळून पाहिले होते. पहिल्याच दिवशी त्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळीत गेला. तेव्हापासून त्याने ठरवून टाकले, खेळायला अकरा जण पुरेसे आहेत, बघायला कोणीतरी पक्के हवे. मी आलो आणि त्याला बसायला जागा मिळाली. माझ्यावर गोणपाट टाकून तो बसायचा आणि दोन्ही हातांनी माझ्या कडा वाजवायचा. चेंडू आपल्याकडे आला की ठेका हळू, पुढे निघाला की जलद, आणि गोल झाला की तो उठून उभा राही आणि मला असा बडवी की शेजारच्या चिंचेवरचे बगळे उडून जात.

मित्रांनो, ती माझी उमेदीची वर्षे होती. तोतारामचे हळूहळू तोताराम आबा झाले. दर दिवाळीला ते मला लाल रंग द्यायचे, कारण संघाचा रंग लाल होता. मुले मैदानात उतरताना माझ्यावर एकेक थाप मारून जात. घरी आल्यावर आबा मला चुलीजवळ ठेवत आणि भाकरी थापणाऱ्या यशोदाबाईंना सगळा सामना पहिल्यापासून सांगत. कोण कुठून पळाला, कोणी चेंडू उगाच हवेत मारला, पंचांनी ऑफसाइड का दिली. यशोदाबाई त्यांच्या पत्नी. त्या मान वर करत नसत. फार तर म्हणत, "ताट वाढू का आता?"

एकच गोष्ट आबांना सलत होती. दर जानेवारीत खान्देश करंडकाची स्पर्धा भरे. आमचा संघ तीनदा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा हरला. त्यातले दोन सामने धुळ्याच्या पांझरा क्लबने घेतले. त्या तिन्ही दिवशी आबा जेवले नाहीत.

पुढे आबा निवृत्त झाले. मग त्यांना दिवे धूसर दिसू लागले, माणसे धूसर दिसू लागली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. एका संध्याकाळी आबा मैदानावर गेले आणि सामना अर्धा असतानाच उठून आले. मला दाराजवळ ठेवून ते म्हणाले, "आते काय उपेग नही."

त्यानंतर मी दारामागे गेलो. माझ्यात कांदे भरले गेले. लाल रंगाचे पोपडे निघाले, तळाशी गंज चढला. पाच-सहा वर्षे माझ्यावर कोणी थाप मारली नाही. कांद्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांना वाजवता येत नाही.

मग कामिनी या घरात आली. आबांचा मुलगा नीलेश बाजारात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्याची ती बायको. साक्रीकडच्या एका खेड्यातली मुलगी. तिने आयुष्यात फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. पण तिची नजर तेज होती. रोज पाच वाजले की आबा ओट्यावरची खुर्ची थोडी फिरवून बसतात, हे तिने चार दिवसांत हेरले.

"आबा, तिकडे काय आहे?" तिने विचारले.

"मैदान," आबा म्हणाले. "वारा या अंगाने असला की शिट्टी ऐकू येते."

"मग जात का नाही?"

"जाऊन काय करू? माणसं ओरडतात आणि मला शेजाऱ्याला विचारावं लागतं, काय व्हयनं? तो सांगेपर्यंत दुसरंच काहीतरी होतं."

कामिनी दारामागे आली. तिने माझ्यातले कांदे टोपलीत ओतले, मला घासले आणि ओट्यावर आणून ठेवले. "चला," ती म्हणाली. "मी सांगते."

यशोदाबाई आतून म्हणाल्या, "पाचला नळाला पाणी येतं. ते कोण भरणार?"

"सकाळचं पाणी मी भरते, अक्का. संध्याकाळचं तुम्ही भरा."

यशोदाबाईंनी सुनेकडे जरा रोखून पाहिले. मग हंडा उचलून त्या नळाकडे गेल्या. त्या घरात होकार म्हणून एवढे पुरे होते.

पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. "लाल कपड्यातला मुलगा पळतोय," कामिनी सांगू लागली. "त्याने चेंडू दिला. दुसऱ्या लाल कपड्यातल्या मुलाला."

आबा हसू लागले. किती तरी वर्षांनी ते हसताना मी ऐकले. "अगं बेटा, अकरा जण लालच असतात. केसांवरून सांग. चालण्यावरून सांग."

मग ती शिकली. चपलांच्या दुकानातला फैज डावखुरा आहे, पळताना तो मान तिरकी करतो. कॉलेजातला तेजस उंच आहे, पण गोलापुढे घाबरतो. गोलरक्षक अभिमन सामना सुरू होण्याआधी दोन्ही खांबांना हात लावतो. कामिनी सांगू लागली आणि आबांचे हात पुन्हा माझ्या कडांवर आले. गंजामुळे माझा आवाज थोडा घोगरा झाला होता, पण आबांनी तो लगेच ओळखला. रात्री चुलीजवळ यशोदाबाईंना सगळा सामना सांगणेही पुन्हा सुरू झाले.

सगळेच दिवस गोड नव्हते. मैदानावर दुसरी बाई नसे. लोक वळून पाहत. एकदा चेंडू बाहेरून जाळीवर आदळला आणि कामिनी ओरडली, "गोल!" आबा उठून मला बडवू लागले. सगळे मैदान हसले. कामिनीचे तोंड एवढेसे झाले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती भांडी घासत बसली.

आबा भिंतीचा आधार घेत तिच्याजवळ आले. "चूक पंचही करतात," ते म्हणाले. "त्यांच्याकडे शिट्टी असते, म्हणून कोणी हसत नाही. तू नाही सांगितलंस तर मला परत अंधार शे."

कामिनीने हात पुसले आणि मला उचलले. त्या दिवसानंतर तिने एकही सामना चुकवला नाही. हळूहळू आजूबाजूची म्हातारी माणसे आबांजवळ सरकून बसू लागली. त्यांनाही लांबचे नीट दिसत नव्हते. कामिनीचे सांगणे ऐकायला त्यांनाही बरे वाटे.

मित्रांनो, यंदाच्या जानेवारीत आमचा संघ चौथ्यांदा अंतिम सामन्याला पोहोचला. सामना रविवारी, धुळ्यात, आणि समोर पुन्हा पांझरा क्लब. आबांनी शनिवारपासूनच नवा शर्ट काढून ठेवला. रविवारी सकाळी यशोदाबाई दशम्या आणि ठेचा बांधून दारात उभ्या राहिल्या. पायात चपला होत्या.

"तू कुठे?" आबांनी विचारले.

"अनोळखी गावात, गर्दीत, ही एकटी पोर तुम्हाला सांभाळेल का डबा सांभाळेल?" त्या म्हणाल्या. नीलेशने दुकान बंद ठेवले होते. त्याने मला उचलले आणि आम्ही सगळे एसटीत बसलो.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिले. "काय आहे यात?"

"काही नाही," आबा म्हणाले. "बसायला आणलाय."

"का आबा, आमची सीट टोचते का?" कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली.

धुळ्याचे मैदान पाहून मी दबून गेलो. एवढी माणसे मी कधी पाहिली नव्हती. पांझरा क्लबचे लोक ढोल घेऊन आले होते. त्या ढोलांपुढे मी म्हणजे वाटी. आम्ही कडेच्या पायरीवर बसलो. आबा माझ्यावर, एका बाजूला कामिनी, दुसऱ्या बाजूला पिशवी मांडीवर घेऊन यशोदाबाई. नीलेश मागे उभा होता, पण सामना सुरू झाला की त्याला बोलता येत नाही, नुसता घाम येतो.

दहाव्या मिनिटाला पांझराने गोल केला. ढोल असे वाजले की पायरी हलली. कामिनीने आबांच्या कानाशी तोंड नेले. "आबा, आपल्यावर झाला. अभिमनच्या डावीकडून गेला. त्याची चूक नव्हती." वाईटही ती खरेच सांगायची. आबांचे हात माझ्यावर थिजले.

मध्यंतरानंतर आमची मुले तापली. कामिनी ढोलांवर आवाज चढवून सांगत होती. कॉर्नर मिळाला, फैजने चेंडू उचलला, आणि तेजसने डोके लावले. या वेळी तो घाबरला नाही. एक-एक. आबांनी मला बडवले, नीलेशने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. कामिनी इतकी ओरडली की तिला ठसका लागला. ती पाणी प्यायली. तोंड उघडले. आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

सामना संपायला दहा मिनिटे होती.

"काय व्हयनं?" आबा म्हणाले. "कामिनी, चेंडू कोठे शे?" ते डोके इकडून तिकडे फिरवू लागले. मैदान गर्जत होते, आणि त्या गर्जनेत आमचे कोण, त्यांचे कोण, हे त्यांना कळत नव्हते. कामिनीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने नीलेशला खूण केली. नीलेश म्हणाला, "तो... तिकडे गेला बघा... आता इकडे आला."

तेव्हा यशोदाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"फैजकडे शे," त्या म्हणाल्या. "डावीकडून चाललाय. एकाला चुकवलं. त्याने मध्ये टाकलेला तेजसला मिळाला. नाही, पंचाने थांबवलं नाही. ऑफसाइड नाही, त्यांचा शेवटचा माणूस अजून मागेच होता."

आबांचे हात थांबले. "नीलेशनी माय," ते हळूच म्हणाले, "तुले ऑफसाइड समजस?"

"अडतीस वर्षं भाकरी थापताना माझे कान काय बंद होते?" यशोदाबाई म्हणाल्या. "ऐका आता. मध्ये बोलू नका. चेंडू त्यांच्याकडे गेलाय."

आणि मित्रांनो, यशोदाबाईंनी सामना सांगितला. कामिनी भरभर सांगायची, त्या सावकाश सांगत होत्या, भाकरीला कड देतात तशा. एकही शब्द वाया नाही. कोण मोकळा आहे, कोण दमलाय, अभिमन कुठे उभा आहे, सगळे. आबा मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांचे तळवे माझ्यावर पुन्हा चालू लागले.

"फैजकडे आला," यशोदाबाई म्हणाल्या. "आत वळला. समोर दोन जण आहेत. मारेल असं वाटतं. नाही मारला, मागे दिला. कोणाला... तो ठेंगणा, पाठीवर सहा नंबरचा. त्याने मारला..."

सगळे मैदान एकदम उसळले. आबांनी त्यांचे मनगट घट्ट धरले.

"कोणाचा? सांग, कोणाचा?"

"आपला," यशोदाबाई म्हणाल्या. "उजव्या कोपऱ्यात. जाळी अजून हलतेय."

आबा उठले, आणि त्यांचे हात माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी यशोदाबाईंनी मला ओढून घेतले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला वाजवले, दोन्ही हातांनी, बांगड्यांसकट. माझ्या उजव्या अंगाला त्या दिवशी एक मोठा पोचा पडला. आजही तो आहे. मला तो कोणी सरळ करू नये असे वाटते.

शिट्टी झाली. दोन-एक. कप्तान सहा नंबरचा ठेंगणा छगन करंडक घेऊन थेट आमच्या पायरीकडे धावत आला आणि त्याने तो आबांच्या हातात दिला. आबांनी करंडकावरून सावकाश बोटे फिरवली, वरपासून बुडापर्यंत. मग तो त्यांनी कामिनीच्या हातात दिला, आणि कामिनीने सासूच्या. यशोदाबाई म्हणाल्या, "जड शे रे." एवढेच म्हणाल्या, पण संघाच्या गाडीतून अमळनेरला पोहोचेपर्यंत त्यांनी करंडकावरचा हात काढला नाही. स्थानकापासून मैदानापर्यंत मिरवणूक निघाली. पुढे मी होतो, मुले आळीपाळीने मला वाजवत होती, आणि गुलालाने मी पुन्हा लाल झालो होतो.

मित्रांनो, मला घडवताना कोणाला ठाऊक नव्हते की मी काय होईन. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. घरातली दबलेली, पोचे पडलेली वस्तू फेकण्याआधी तिच्यावर एकदा थाप मारून पाहा. आणि कोणी रोज ठरलेल्या वेळी खुर्ची वळवून बसत असेल तर त्याला विचारा, तिकडे काय आहे. त्याच्याबरोबर जा. आणखी एक, जे कोणी मान खाली घालून आपले काम करत असतात, त्यांना काही कळत नाही असे समजू नका. त्यांनाही बरोबर घ्या, त्यांना पुढच्या ओळीत बसवा.

येत्या रविवारी आमचा सामना जामनेरच्या संघाशी आहे. कामिनीचा आवाज परत आला आहे. यशोदाबाईंनी आबांना कालच बजावले आहे की आपला बचाव उजवीकडून कच्चा आहे आणि छगनला हे कोणीतरी सांगायला हवे. आबा म्हणाले, "तूच सांग." त्या आज संध्याकाळी सांगणार आहेत.