दोन चमच्यांच्या मधे

मी एक गोळी. पांढरी, लांबुळकी, वरून गुळगुळीत. दहाच्या पट्टीत आता मी एकटीच उरले आहे. माझ्या आत कोट्यवधी जिवाणू झोपलेत, पोटाला हवे असलेले, उपकारी. त्यांना आतड्यापर्यंत जिवंत पोचवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म बोम्मसंद्राच्या कारखान्यातला. जिवाणूंना गोठवून, सुकवून झोपवलं आणि यंत्राने दाबून मला आकार दिला. त्या दाबातच कितीतरी दगावले. उरलेल्यांसाठी माझ्यावर लेप चढवला, जठरातल्या आम्लाला दाद न देणारा. लेपाच्या यंत्रावर कौशल्याअक्का असायच्या. गरम हवा जरा वाढली की ओरडायच्या, "स्वल्प कमी करा हो! आत जीव आहेत, फुटाणे नव्हेत!" वाटलं, पुढेही सगळे असंच जपतील.

सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आले. सहा वर्षांच्या समन्वीला घशासाठी अँटिबायोटिक दिलं होतं. घसा सुधारला, पोट बिघडलं. आठ दिवस जुलाब. गाल आत गेले, शाळा बुडाली. मग डॉक्टरांनी आम्हाला लिहून दिलं.

तिची आई सुप्रीता जपायची, अगदी छळ होईल इतकं. पट्टी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, डब्यात, डब्यावर चिठ्ठी. वीज गेली की फ्रिज उघडायला घरात बंदी. "मी जरा जास्तच करतेय का?" असं स्वतःलाच विचारायची आणि पुन्हा डबा उघडून बघायची.

आणि रोज सकाळी आमच्यातली एक काढून दोन चमच्यांच्या मधे ठेवायची, दाबून चुरा करायची. चुरा वाफाळत्या दुधात. वर साखर.

या घरात लहान मुलांना गोळी अशीच देतात. तिच्या सासूबाईंनी, पद्मावतीबाईंनी, आपल्या मुलालाही तापाच्या गोळ्या अशाच दिल्या होत्या. तापाच्या गोळीचं त्याने फारसं बिघडत नसेल. माझं सगळंच बिघडतं. लेप फुटतो, आणि आतले जीव त्या दुधातच होरपळतात. फ्रिजमध्ये राजेशाही थाट आणि ओट्यावर हे! माझ्या नऊ बहिणी अशाच गेल्या.

समन्वी होती तशीच. काल पद्मावतीबाई म्हणाल्या, "सुप्री, यांत काही दम नाही गं. नुसता खडू." मेलेल्यांत दम कुठून यायचा?

आज सकाळी सुप्रीताने गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद पहिल्यांदा उलगडला. अख्खी गिळावी. फोडू नये. गरम पदार्थात देऊ नये.

ती ओट्याला टेकली. "आई, मीच मारल्या. नऊच्या नऊ."

"अगो, गोळी ती! मरते कशी?"

"आत जिवंत असतं काहीतरी."

"मग आधी नाही का वाचायचं? एवढी शिकलेली तू!"

सुप्रीता गार पाण्याचा पेला घेऊन लेकीपुढे बसली. "समू, गिळ ना राणी. एकदाच."

दोनदा मी जिभेवरून परत आले. तिसऱ्यांदा पाण्यासकट बाहेर. "नको अम्मा, अडकते!" पोर रडून लाल झाली.

"दे इकडे," म्हणत पद्मावतीबाईंनी चमचे काढले. "निदान पोटात काही गेलं असं तरी होईल."

सुप्रीताने त्यांचा हात धरला नाही. एवढंच म्हणाली, "दूध तरी कोमट घ्या, आई."

आता मी चमच्यात आहे. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय. सुप्रीता आरशासमोर पुटपुटतेय, "दहाही दिल्या, डॉक्टर. वेळच्या वेळी." चमच्यांचं नाव नाही. डॉक्टर ते ऐकतील, मला कुचकामी म्हणतील आणि समूला आणखी जहाल काहीतरी लिहून देतील.

बाई गं, माझं आता काही व्हायचं नाही. पण चुकून फोडल्या म्हणून सांग. हसतील, रागावतील, सासूबाई वर्षभर ऐकवतील. ऐकून घे. पोट लेकीचं आहे.