पाडव्यानंतरचं लेकरू

"लेकराची ढूंडच नाही करायची, त मंग तांड्यात राह्यता कायले?" असं म्हणून रुक्माबाईनं सूप आपटलं. अर्धे गहू अंगणात पांगले आणि कोंबड्यांचं फावलं.

सून उज्ज्वला दाराआड बसून वाटीत दूध पिळत होती. बाजूला टोपल्यात, टोपरं घातलेलं लेकरू निजलं होतं. तिनं मान वर केली नाही.

"गरदीत नेऊ नका म्हनलं हाय दवाखान्यात, याडी," ती एवढंच बोलली. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि सासूलाही.

रुक्माबाईचंही काही चुकत नव्हतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यातली पोरं डफ घेऊन नव्या लेकराच्या दारात येतात, त्याच्यावर एक काठी आडवी धरतात, तिच्यावर आपापल्या काठ्या वाजवत गाणी म्हणतात. वर्षभरात जन्मलेल्या पोराची अशी ढूंड झाली की पोरगा तांड्याचा झाला. लेकाच्या, सुनीलच्या, लग्नानंतर किती होळ्या ही बाई दुसऱ्यांच्या नातवांच्या ढूंडीतला गूळ खाऊन आली होती. गूळ गोड लागला असेल का तिला?

पण पोरगा आला तो घाईनं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कापूस वेचता वेचता उज्ज्वलाच्या पोटात कळ आली आणि रात्रीच्या आत लेकरू बाहेर. ओंजळीत मावेल एवढं. अंगावर कातडी होती, पण ती नावापुरती. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून नळी घातली, नळीतून थेंब थेंब दूध सोडलं. डॉक्टरीण बाई समजावून सांगायची, "पोटातल्या शेवटच्या महिन्यांत मेंदू भरतो. ह्याचे ते महिने बाहेर जाणार आहेत. आता जे भरायचं ते तुझ्या दुधावरच. त्यात ही पुडी मिसळायची. रडवायचं नाही, थंडी लागू द्यायची नाही. रडण्यात आणि कुडकुडण्यात दूध खर्ची पडलं, तर डोक्याला काय उरणार?"

घरी आल्यावर मावश्या, आत्या, चुलत्या पाहायला आल्या. कोणी मुका घेतला, कोणी खोकली. लेकराला सर्दी झाली आणि त्यानं दूध टाकलं. पुढच्या खेपेला सिस्टरनं डोक्याभोवती फीत धरली, तर ती मागच्याच आकड्यावर थांबलेली. डॉक्टरीण बाईनं फीत स्वतःच्या हातात घेतली. दुसऱ्यांदा मोजून पाहिलं तिनं.

उज्ज्वलाला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पेटीतलं लेकरू पाहून बाकीच्या आया रडायच्या, ही भिंतीवरची पाल पाहायची. दूध पिळायची, वाटी-चमच्यानं पाजायची, लंगोट बदलायची. शेतातलं काम करावं तसं सगळं वेळेवर. माया तेवढी येत नव्हती. छातीला कातडीला कातडी लावून बांध, असं सिस्टरनं बजावलं होतं. दवाखान्यात ती बांधायची, घरी आल्यावर सोडून दिलं. दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू सांभाळायला घेतल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी रुक्माबाई सुनेला घेऊन तांड्याच्या प्रमुखाच्या, भावसिंग नायकाच्या, ओट्यावर गेली. लेकरू घरी सुनीलपाशी. तांड्याची रीत नायकाला कोणी विचारली की त्यांची छाती जरा फुगते.

"नायक बापू, समजावा हिले. ढूंड नाही म्हनते."

"काहून व पोरी?"

उज्ज्वलानं विचारलं, "बापू, ढूंड कोनाची करते?"

"होळीच्या आंधी जलमल्या पोराची."

"पोटातल्याची?"

"पोटातल्याची कशी करतीन?"

"मंग याची बी होत नाही. माहे दिवस पाडव्याच्या नंतर भरते. डॉक्टरीण बाईनं सांगतलं, याचं बसनं, बोलनं, समदं त्या दिवसापासून मोजा. तवरोक तो पोटातच हाय असं समजा, म्हने. फक्त बाहेर ठेवला हाय."

तिनं हे हुशारी दाखवायला म्हटलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नंबर सांगावा तसं सांगितलं होतं. नायकानं मात्र मिशीवरून हात फिरवला, समोरच्या गंजीकडं पाहिलं, पुन्हा मिशीवरून हात फिरवला.

"रीत त रीत हाय, रुक्मा," ते म्हणाले. "पोटातल्या लेकराची ढूंड माह्या बापानं नाही केली, मी कशी करू?"

वाटेनं रुक्माबाई सुनेच्या पुढं झपाझप चालत गेली. घरी येऊन तिनं टोपल्यात वाकून पाहिलं.

"पोटात हाय म्हनते, अन् ठेवते टोपल्यात?"

तिनं स्वतःची जुनी ओढणी काढली, सुनीलला बाहेर पिटाळलं आणि नातवाला उघडंच उज्ज्वलाच्या छातीला घट्ट बांधलं. "आता पाडव्यालोक काढजो नको. पानी मी भरीन, चूल मी पाहीन."

होळी झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत डफ घुमू लागला. रुक्माबाई दारात पाट टाकून बसली होती. पोरं अंगणात आली, डफ थांबला.

"काकी, नातवाले आना न."

"सून बाळंत व्हायची हाय अजून. पुढल्या होळीले या."

एक जण फिदीफिदी हसला.

"हासतं काय बे? पोटुशी बाई निजली हाय आतमंदी. वाजवू नका, हळू जा."

पोरांनी काठ्या काखेत मारल्या आणि पाय न वाजवता ती पुढं गेली. चार घरं ओलांडल्यावर डफ पुन्हा सुरू झाला.

आत उज्ज्वला भिंतीला टेकून ऐकत होती. पुढली होळी. ओढणीखाली लेकरानं तोंड हलवलं, जीभ तिच्या कातडीला लागली. पुढल्या होळीपर्यंत हा राहिला नाही तर? हा विचार तिच्या मनात आजवर आलाच नव्हता. तिला भीती वाटली. दोन्ही हातांनी तिनं त्याला धरलं आणि कोणी न पिळता तिचं दूध वाहू लागलं. ओढणी भिजली.

"याडी," तिनं हाक मारली, "वाटी आना. अन् कवाड लावा लवकर, वारा येऊन राह्यला."