सिमेओंचं माप

एर्मांसबरोबर बेटावरच्या सें-पिएर गावची खाऊफेरी करायला आलेल्या पाहुण्यांना पहिला धडा बाजाराच्या दारातच मिळत असे. आधी नमस्कार, मग भजी. इस्मेरीच्या कढईपुढे उभं राहून कुणी नुसतंच "सहा द्या" म्हटलं, तर इस्मेरी झारा तेलात फिरवत राही आणि समोर कुणी नसल्यासारखी पेले नावाच्या डोंगराकडे बघत बसे.

"बाईंना ऐकू कमी येतं का?" एका पाहुण्याने एकदा एर्मांसला हळूच विचारलं होतं.

"ऐकू चांगलं येतं. पण तुम्ही अजून आलाच नाहीत," एर्मांस म्हणाली. "नमस्कार म्हटल्याखेरीज आमच्याकडे माणूस आला असं धरत नाहीत."

गावच्या शाळेत तिने जन्मभर मुलांचा स्वयंपाक केला. शाळेतून सुटली तेव्हा नगरपालिकेच्या लोकांनी येऊन, आमच्याकडे मोठ्या बाईला ‘मान’ म्हणतात तसं म्हणत विचारलं, मान एर्मांस, बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना जरा गावातलं खाणंपिणं दाखवाल का? तिला हसू आलं होतं. खाणंपिणं काय दाखवायचं? ते तर दिसतंच. पण घरात नवरा नव्हता, मुलं नव्हती, आणि वाढायची सवय तर हाताला लागलेली. तेव्हापासून दर शुक्रवारी गवती टोपी घालून ती पाहुण्यांचा ताफा घेऊन बाजारात शिरायची. आधी खाऱ्या माशाची भजी, मग नारळाचं आईस्क्रीम, आणि शेवटी तिच्या घरच्या ओसरीवर रमचा छोटा प्याला, ज्याला आम्ही ती-पाँश म्हणतो, तो कसा करायचा त्याची शिकवणी.

त्या शुक्रवारी पाहुणे भजी फुंकत उभे होते तेव्हा इस्मेरीने एर्मांसला कढईच्या मागे ओढलं.

"ऐकलंस ना? सिमेओं चालला."

"कुठे चालला?" एर्मांसने विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"लियोंला, समुद्रापार लेकीकडे. मनगट मुरगळल्यापासून म्युरिएलचा रोज फोन. एकटे कसे राहाल, कोण बघेल. तिकीट काढू का नको ते आज दुपारी सांगायचंय म्हणे."

"जाऊ दे की. तिकडे बर्फ आकाशातून पडतो. फोडायला नको."

"अगं, एका शब्दाचं काम आहे."

"कुणाच्या शब्दाचं?"

"माझ्या कढईच्या!" इस्मेरी फणकारली. "जा, तुझी माणसं मिरचीच्या वाटीत बोटं घालतायत."

एर्मांस गेली. तो एक शब्द कोणता आणि कुणी म्हणायचा, ते तिला नीट कळलं होतं. सिमेओंची आईस्क्रीमची गाडी तिच्या ओसरीसमोर बदामाच्या झाडाखाली लागायची, तिचा नवरा आनातोल होता तेव्हापासून. सिमेओंची बायको गेली, मग आनातोल गेला. गाडी तिथेच राहिली. दुपारच्या जेवणाआधी सिमेओं हात धुऊन ओसरीवर यायचा. एर्मांस तबक मांडायची: रमची बाटली, उसाची तांबूस साखर, लिंबं, पेला, चमचा. तो आपला प्याला आपण करायचा, डोंगरावर आज ढग आहे की नाही यावर दोन वाक्यं बोलायचा आणि जायचा. एवढंच. पण या एवढ्याशाच्या आधारावर तिची सकाळ उभी असे, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. थांबा असं ती म्हणणार नव्हती. थांब म्हटलं आणि माणूस गेलाच, तर त्या बाईने उद्या बाजारात तोंड कसं दाखवावं?

बदामाखाली सिमेओं उजवा हात चौकड्यांच्या रुमालात गळ्याशी बांधून बसला होता. पुढ्यात आईस्क्रीमचा लाकडी पॉट. पूर्वी गावात असे सहा-सात पॉट फिरायचे. रविवारी चर्चमधून बाहेर पडलं की मीठ आणि बर्फ एकमेकांवर घासल्याचा तो खरखर आवाज कानावर यायचा आणि मुलांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. आता विजेवरची यंत्रं आली. हाताने फिरवायचा पॉट उरला तो एकट्या सिमेओंचा, आणि आज तो फिरवत होती ब्रिटनीहून आलेली एक दणकट बाई, मादाम केरवेल. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली. तिने बाह्या वर केल्या होत्या.

"थांबू नका, मादाम, नाहीतर गुठळ्या होतात," सिमेओं म्हणाला आणि एर्मांसकडे वळला. "पैसे भरून राबायला येतात तुमचे पाहुणे! कसं जमवता हो, मान एर्मांस?"

"शाळेत पोरांना पालक खायला लावलाय मी. हे तर सोपं."

मादाम केरवेल पॉट फिरवत होत्या. दालचिनी आणि जायफळाचा वास सुटला होता.

"लियोंला चाललात म्हणे," एर्मांस शेवटी म्हणाली.

"म्युरिएल म्हणते."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? इथे कोण अडवतंय मला?"

"अडवायला काय, तुम्ही चोर आहात का?" एर्मांस म्हणाली आणि पुढच्याच क्षणी स्वतःची जीभ चावली. सिमेओंने मान हलवली, जणू त्याला उत्तर मिळालं होतं.

तरीही आईस्क्रीम संपल्यावर तो रोजच्यासारखा उठला आणि पाहुण्यांच्या मागोमाग ओसरीवर आला.

एर्मांसने लांब टेबलावर पेले मांडले. एक लिंबू हातात धरून दाखवलं. "हे मधोमध चिरायचं नाही. बाजूने गाल कापून घ्यायचा, असा. बियांना सुरी लागली की कडवट होतं. साखर आधी, त्यावर लिंबू पिळायचं, मग रम. आता करा."

"आणि तुम्ही?" मादाम केरवेलनी विचारलं.

"मी बघणार."

"पण जाहिरातीत तर लिहिलंय, मान एर्मांस आपल्या हाताने कॉकटेल करून दाखवतील!"

"जाहिरात लिहिणारा पोरगा शहरातला आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा प्याला कुणी करत नाही. ज्याने त्याने आपलं मरण आपल्या हाताने ढवळावं, अशी म्हण आहे. कुणाला किती गोड, किती जहाल, हे ज्याचं त्याला ठाऊक."

"कधीच नाही करत?"

"नवराबायकोचं वेगळं," एर्मांस म्हणाली आणि लिंबं कापायला लागली.

वेगळं म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. तिची आई तिच्या बापाचा प्याला करायची. बापाने मासे उतरवून दारात पाय ठेवला की पेला तयार, आणि त्याने कधी चव घेऊन बघितली नाही, सरळ प्यायचा. एर्मांसच्या लहानपणी कुणाचं जुळलंय हे विचारायची पद्धतच अशी होती: तिला त्याचं माप आलं का? माप आलं की झालं. मेयरच्या कचेरीतली सही नंतर, सवडीने. आनातोलचं माप तिला लग्नाआधीच आलं होतं. दोन चमचे साखर, रम नावाला. मोठा गोडघाशा माणूस. तो गेल्यावर तिने दुसऱ्या कुणाच्या पेल्यात चमचा घातला नव्हता.

पाहुण्यांचं मात्र मजेत चाललं होतं. एक नवं लग्न झालेलं जोडपं एकमेकांचं बघून साखर वाढवत होतं. एकाने रम एवढी ओतली की पहिल्याच घोटाला त्याचे कान लाल झाले. "बर्फ नाही का?" असं कुणीतरी विचारलं आणि एर्मांसने नाराजीने वाडगा पुढे सरकवला. एवढ्यात उरलेली भजी घेऊन इस्मेरीही येऊन पायरीवर टेकली. दुकान कुणाच्या भरवशावर टाकून आली, देव जाणे.

सिमेओं टेबलाच्या टोकाला डाव्या हाताने झगडत होता. त्या हाताची बोटं संधिवाताने आखडलेली. लिंबाचा गाल त्याने दाबला, तो बोटांतून निसटला आणि थेट मादाम केरवेलच्या मांडीवर जाऊन पडला.

"द्या इकडे, मी करून देते," त्या म्हणाल्या.

सिमेओंने झटकन पेल्यावर तळवा ठेवला. "नको, मादाम! तुमचे मिस्टर बोटीवर आहेत ना? उगाच भांडण कशाला?"

इस्मेरी खो खो हसली. मादाम केरवेलना क्षणभर काही कळेना, मग कळलं, आणि त्याही हसल्या. पण जन्मभर कवायत शिकवलेली बाई, अर्धवट सोडणारी नव्हे. "मग मान एर्मांस देतील करून," त्या म्हणाल्या.

ओसरीवरचे सगळे चमचे थांबले.

एर्मांसच्या हातात सुरी होती ती तशीच राहिली. नाही म्हणावं, तर दारी आलेल्या दुखणाईत माणसाला तहानलेला ठेवल्यासारखं. हो म्हणावं, तर त्याहून मोठी पंचाईत. कारण सिमेओंचं माप तिला येत होतं. साखर अर्धा चमचा. लिंबू पेल्याच्या काठाला चोळायचं, जरासं पिळायचं आणि फेकून द्यायचं, आत टाकायचं नाही. रम दोन बोटं. बर्फ मुळीच नाही. दिवसभर बर्फात हात घालणाऱ्या माणसाला प्यायलाही बर्फ कशाला? हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं तबकाच्या पलीकडे बसून, डोंगरावरच्या ढगाकडे बघतोय असं दाखवत, ती त्याच्या हातांकडे बघत आली होती. आता तसाच प्याला केला, तर इस्मेरी तो एका नजरेत ओळखेल. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आणि एवढं होऊन हा गेलाच लियोंला, तर?

तिने ठरवलं. पेला ओढला. साखर घातली, एक चमचा, दोन चमचे, तीन. लिंबाचे दोन गाल पिळून आत टाकले. रम थेंबभर. वर बर्फाचे दोन खडे. खळखळ ढवळून पेला सिमेओंपुढे ठेवला.

"घ्या. मला काय ठाऊक तुम्हाला कसा लागतो."

सिमेओंने घोट घेतला. त्याच्या गालाची एक शीर हलली. डोळ्यांत पाणी आलं. तो घोट त्याने कसाबसा गिळला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "बरोबर."

"काय बरोबर?"

"माझं माप. अगदी तंतोतंत."

"तंतोतंत?" एर्मांस उभी राहिली. "तीन चमचे साखर आहे त्यात!"

"मला गोड आवडतं."

"तुम्हाला? गोड?" एर्मांसचा आवाज बाजारापर्यंत पोचला असेल. "खोटारडा मेला! अर्धा चमचा, त्याच्यावर एक कण नाही घेतलात कधी! लिंबू काठाला चोळून टाकता, आत ठेवत नाही! बर्फ दिसला तरी तोंड वाकडं करता! रविवारी रम एक बोट जास्त, आणि शेजारच्या थेरेझबाईंच्या मयतीला दोन बोटं जास्त, तेही मी पाहिलंय! आणि मला सांगता, तंतोतंत?"

श्वास घ्यायला ती थांबली. मग तिला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. टोपी डोळ्यांवर ओढावी तर टोपी खुंटीला.

"मयतीचं तर मलाही ठाऊक नव्हतं," इस्मेरी पायरीवरून म्हणाली.

सिमेओं हसला नाही. "येतं की तुम्हाला," तो म्हणाला. "मग हे असलं काय केलंत?"

"येत नाही असं वाटावं म्हणून! आणि तुम्ही ते गिळलंत कशाला?"

"थुंकलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, जा, लेकीकडून करून घ्या."

"म्हणालेच असते."

"म्हणून गिळलं."

मादाम केरवेलनी रुमाल काढून डोळे टिपले. रमने की कशाने, सांगता येत नाही. एर्मांसने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. तिने नवा पेला घेतला, अर्धा चमचा साखर घातली, लिंबाचा गाल काठावरून फिरवला, पिळला, अंगणात भिरकावला. रम ओतली. चमचा एकदाच फिरवला. सिमेओंने पेला उचलला आणि चव न बघता सरळ प्यायला.

"कसा झालाय?" नव्या नवरीला राहवेना.

"रम जरा हात आखडून घातली," सिमेओं म्हणाला.

"आज शुक्रवार आहे," एर्मांस म्हणाली. "फोन कुठे आहे तुमचा?"

"खिशात. का?"

"तुमच्या हाताने लागणार नाही." तिने त्याच्या खिशातून फोन काढला, त्याने सांगितलं तसं बटण दाबलं आणि कानाला लावला. "म्युरिएल? मी एर्मांस, समोरची. हो, बरे आहेत. नाही, पडले नाहीत. हे बघ डूडू, बाळा, तिकीट काढू नकोस. तुझ्या बाबांचा प्याला आता मी करते."

पलीकडून म्युरिएल परीक्षा घेतल्यासारखी म्हणाली, "साखर किती?"

"अर्धा चमचा."

"आणि लिंबू?"

"चोळायचं, पिळायचं आणि फेकायचं."

"आईसुद्धा तसंच करायची," म्युरिएल म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "बरं, मान एर्मांस. मग नाही काढत."

एर्मांसने फोन टेबलावर ठेवला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"काय म्हणाली?" सिमेओंने विचारलं.

"पास झाले म्हणाली," एर्मांस म्हणाली आणि बाटलीला बूच लावू लागली.

"अगं, बूच काय लावतेस?" इस्मेरी पायरीवरून उठली. "आज सगळ्यांना एकेक दे!"

"आपापला करून घ्या," एर्मांस म्हणाली आणि बाटली पुढे सरकवली.