फळीवरची माझी जागा

मित्रांनो, डब्याला काय कळते, असे तुम्हाला वाटत असेल. झाकण लावले की आत अंधार, हे खरेच आहे. पण स्टीलचा पत्रा पातळ असतो आणि स्वयंपाकघरात माणसे मन मोकळे करून बोलतात. त्यामुळे मी पाहिले कमी आणि ऐकले फार. आता माझे वय झाले आहे. बुडाला एक पोचा आहे, कडेने चरे पडले आहेत. तरी झाकण अजून घट्ट बसते, एवढा तोरा मला मिरवू द्या.

आमच्या घडणीला पेढेघाटी म्हणतात. अंगाने गोल, पोटाशी थोडा फुगीर, वर बेताचे झाकण. १९९३ साली नाशिकच्या भांडीबाजारात मी एका दुकानात चकचकीत होऊन बसलो होतो, तेव्हा अक्काबाई आल्या. मूळच्या घोटीकडच्या डोंगरातल्या, पण लग्न झाल्यापासून सातपूरच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा, तो वारला होता. पदरी एकच मुलगी, पल्लवी. तिचे लग्न ठरले होते आणि रुखवतात मांडायला भांडी हवी होती. अक्काबाईंनी मला उचलले, झाकण काढले, लावले, पुन्हा काढले आणि कानाशी धरून टिचकी मारली. इतकी पारख माझी नंतर कोणी केली नाही.

मग दुकानदाराने नाव घालायचे मशीन लावले. ती सुई अंगावरून टर्रर करत फिरते तेव्हा फार झोंबते, पण तक्रार कुणाकडे करणार? ‘चि. सौ. कां. पल्लवीस आईकडून’ अशी अक्षरे उमटली. अक्काबाईंना वाचता येत नव्हते.

"वाच बरं," त्या म्हणाल्या. दुकानदाराने वाचले.

"यात ‘आईकडून’ कुठं हाय?"

त्याने बोट ठेवून दाखवले. अक्काबाईंनी तिथे आपला अंगठा फिरवून पाहिला आणि मगच मला पिशवीत टाकले. पुढे कधीही मला हातात घेतले की त्यांचा अंगठा आधी त्या शब्दावर जायचा.

पल्लवीचा नवरा दिनेश सातपूरलाच एका कारखान्यात लेथवर काम करायचा. लग्नानंतर वर्षभरात त्याला मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली, आणि त्याच्या मागोमाग पल्लवीही गेली. तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध मी होतो. माझ्या पोटात खुरसणीची चटणी होती. घोटीच्या डोंगरात पिकणारी काळी खुरसणी, म्हणजे कारळे, तव्यावर भाजायची आणि लसूण-मिरचीबरोबर कुटायची, अशी ती अक्काबाईंची चटणी. विमानात माझ्या शेजारी परफ्यूमची बाटली होती. ती नाक मुरडत होती, पण मी लक्ष दिले नाही.

मस्कतमध्ये रुवी नावाच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर होते. दोन खोल्या, खिडकीत घरघरणारा एसी, आणि उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी. दिनेश सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. दिवसभर पल्लवी आणि मी. ती माझ्याशी बोलायची असे मी म्हणणार नाही. ती स्वतःशीच बोलायची, मी समोर असायचो. पण सण आला की ते घर बदलून जायचे. पाडव्याला दिनेशने पडद्याची दांडी काढून तिची गुढी केली आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाची डहाळी तोडून आणली. तिकडे लबने म्हणून घट्ट दही मिळते, त्याचे पल्लवीने श्रीखंड केले. दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील लावला, तर खालचा चौकीदार वर आला. काही बिघडले आहे का, विचारायला! दोघे इतके हसले की दिनेशला ठसका लागला. त्या दिवसांत मला ते घर फार आवडायचे.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. म्हणून चटणी संपली की पल्लवी मला घासून पुसून ठेवायची आणि आत मस्कतचा हलवा नाहीतर खजूर भरायची. मला न्यायचे काम शाहनवाजचे. अक्काबाईंच्या शेजारच्या बिलकिसचा हा मुलगा मस्कतमध्येच एसी दुरुस्तीचे काम करायचा. तो रजेवर नाशिकला निघाला की मी त्याच्या सामानात, आणि तो परतला की पुन्हा मी त्याच्या सामानात. माझ्याइतका प्रवास भांडीबाजारातल्या कोणत्याही डब्याने केला नसेल.

सातपूरला पोचलो की अक्काबाई मला दोन्ही हातांनी घ्यायच्या. हलव्याचा पहिला तुकडा बिलकिसला. मग मला धुऊन मधल्या फळीवर ठेवायच्या, डाळीचा डबा आणि गुळाचा डबा यांच्या मध्ये. फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर माझ्या बुडाचे गोल वळ उमटले होते. शाहनवाजची रजा संपत आली की नागलीचे पापड किंवा चटणी माझ्यात भरायची, झाकणावर फडके बांधायचे आणि अंगठा त्या शब्दावरून फिरवायचा. असे तीनेक वर्षे चालले. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तेवढाच.

१९९७च्या सुरुवातीला एकदा पल्लवीने मला नेहमीपेक्षा जास्त घासले. चिंचेने, मग राखुंडीने, मग कोरड्या फडक्याने. दिनेश शेजारी उभा राहून नुसता हसत होता.

"अहो, हसू नका. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "आईलासुद्धा नाही. तीन महिने झाले की यात पेढे भरून पाठवायचे. झाकण काढलं की तिला कळलं पाहिजे."

त्याच आठवड्यात तिने बिलकिसच्या घरी फोन लावला, कारण अक्काबाईंकडे फोन नव्हता. मी ओट्यावर होतो.

"आई, ऐक. आता शाहनवाजबरोबर काही पाठवू नकोस... अगं, नको म्हणते ना. आता डबा मीच भरून पाठवणार आहे. तोवर काही नको." तिकडून काहीतरी विचारणे झाले. "कारण काही नाही गं. तू नुसती वाट बघ."

फोन ठेवून ती बराच वेळ हसत होती. आईला कोड्यात टाकल्याचा तिला आनंद झाला होता.

तीन महिने पुरे झाले नाहीत. एका दुपारी तिच्या पोटात दुखू लागले, शेजारच्या केरळच्या बाईने तिला टॅक्सीत घातले, आणि दुसऱ्या दिवशी दिनेश तिला हाताला धरून घरी घेऊन आला. पल्लवी स्वयंपाकघरात आली, तिने मला पाहिले, स्टूल ओढले आणि मला सगळ्यांत वरच्या कप्प्यात, भिंतीला टेकवून ठेवून दिले.

शाहनवाज रजेवर निघाला तेव्हा निरोप्यासारखा दारात येऊन उभा राहिला. "ताई, डबा?"

"या खेपेला नाही," पल्लवी म्हणाली.

तो गेल्यावर दिनेश हळूच म्हणाला, "हलवा भरून द्यायचास की. आईंना बरं वाटलं असतं."

"नाही. त्यात काय घालायचं ते ठरलंय. तेच घालून पाठवीन."

"आणि आईंना सांगायचं काय?"

"काय सांगू? चार माणसांत उभी राहून ती फोन घेते. बिलकिसचाची, शेजारपाजार. तिथं सांगू? आणि सांगून ती तिकडे एकटी झुरणार. होईल तेव्हा सगळं एकदमच कळेल."

होईल, होईल म्हणता वर्षे गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, एक नवस झाला. वरच्या कप्प्यात मी सगळे ऐकत होतो. खाली सण होत होते, मंडळाच्या गणपतीला पल्लवी मोदक वळून देत होती, संक्रांतीला तिळगूळ वाटत होती. डोहाळजेवणाचे बोलावणे आले की मात्र तिचे डोके दुखायचे. नाशिकला जायची रजा आली की काहीतरी कारण निघायचे. खरे कारण मला ठाऊक होते. वसाहतीत पाऊल टाकले की पहिला प्रश्न काय येणार, हे तिला पक्के माहीत होते. पेढे भरायचे म्हणून ठेवलेला मी. माझ्यात साधी मोहरीसुद्धा कोणी टाकली नाही. मित्रांनो, डब्याला रिकामे असणे नवे नाही. पण मुद्दाम रिकामे ठेवले जाणे फार जड जाते.

मध्ये एकदा दिनेश एकटाच नाशिकला जाऊन आला. आल्यावर तो जेवता जेवता म्हणाला, "आईंनी डब्याचं विचारलं. मी म्हटलं, पल्लवी पाठवणार आहे."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बरं. मी म्हटलं, चटणी द्या थोडी, पिशवीत नेतो. तर म्हणाल्या, तिनंच नको म्हनलंय ना, मग ऱ्हाऊ द्या."

पल्लवीने हातातला घास ताटात परत ठेवला. त्या दिवशी ती स्टूलवर चढली, मला खाली घेतले, झाकण काढून आत पाहिले. मला वाटले, आता काहीतरी घालील. खजूर घाल, साखर घाल, काहीही घाल! पण तिने झाकण लावले आणि मला परत वर ठेवले. माझा मलाच राग आला. एवढे रुंद तोंड असून त्यातून एक शब्द काढता येत नाही.

२००२च्या पौषात बिलकिसच्या घरून फोन आला. अक्काबाई दोन दिवस तापाने पडल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. पल्लवीने बॅगेत हाताला येईल ते कोंबले. शेवटी स्टूल ओढून तिने मलाही घेतले. का घेतले, ते तिला तरी कळले होते की नाही, मला सांगता येणार नाही.

ती पोचली तेव्हा सगळे उरकले होते. दहावे-तेरावे झाले, माणसे पांगली, आणि दुपारी स्वयंपाकघरात पल्लवी आणि बिलकिस दोघीच उरल्या. पल्लवीने मला बॅगेतून काढून ओट्यावर ठेवले. बिलकिसने माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"आला का हा?" ती म्हणाली. "अक्कानं लय वाट पाह्यली याची."

मग तिने मधल्या फळीकडे बोट केले. डाळीचा डबा होता, गुळाचा डबा होता, आणि दोघांच्या मध्ये माझ्या मापाची जागा मोकळी होती. वर्तमानपत्र बदललेले दिसत होते, पण जागा तशीच ठेवलेली होती.

"दर दिवाळीला तुझी चटणी कुटायची," बिलकिस म्हणाली. "परातीत झाकून ठेवायची. शाहनवाज रजा संपवून निघाला की विचारायचा, मावशी, काही न्यायचंय का? तर म्हणायची, डबा आल्यावर. मी म्हटलं, अगं माझा डब्बा घे, घरात काय डब्बे कमी हायेत? तर म्हणाली, नाय बिलकिस. पल्लवीनं नको सांगितलंय. आता तिला आपल्या चटणीची चव नसंल ऱ्हाइली. तिच्या मनात असंल तर डबा येईल. मग ती चटणी आम्हीच खायचो, डोळ्यात पानी आणून."

पल्लवी खाली बसली. मग तिने सगळे सांगितले. पेढ्यांचे, तीन महिन्यांचे, त्या दुपारचे, वरच्या कप्प्याचे. इतक्या वर्षांत हे तिने दिनेशखेरीज कुणाला सांगितले नव्हते. "रिकामा कसा पाठवू, चाची? तिनंच शिकवलं होतं, डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून."

"ते शेजाऱ्यांसाठी गं, बेटी," बिलकिस म्हणाली. "आईला रिकामाच पाठवायचा. रिकामा आला की आईला कळतं, भरायचा हाय म्हणून."

पल्लवीने मला उराशी धरले आणि ती मोठ्याने रडली. रडता रडता तिचा अंगठा माझ्या अंगावरच्या त्या शब्दावर गेला. तिला वाचता येत होते, तरी तिने तो शब्द बोटानेच वाचला.

घर भाड्याचे होते, ते सोडावे लागले. फळीवरचे माझे सोबती मोडीत गेले. डाळीचा आणि गुळाचाही. मोजून चार पावलांवर बिलकिसचे घर होते, पण तिथे माझी अशी जागा नव्हती. पल्लवीने निघताना मला बिलकिसच्या हातात दिले आणि ती तिच्या पाया पडली.

आता मी बिलकिसकडे असतो. अक्काबाईंचे पाहून ती खुरसणीची चटणी करते. लसूण जरा जास्त पडतो. शाहनवाज मला मस्कतला नेतो. पल्लवी झाकण काढते आणि बोटाने चाखते. घरात मूल नाही, ते झाले नाहीच. ती चव आईची नाही, हेही तिला कळते. चटणी संपली की ती मला घासते, पुसते आणि जो कोणी पहिला नाशिकला निघेल त्याच्या हाती देते. रिकामा. साखरेचा दाणासुद्धा न घालता.

मित्रांनो, तुमच्याही घरात वरच्या कप्प्यात कुणाचा तरी डबा पडला असेल. काहीतरी चांगले भरून देऊ, म्हणून ठेवलेला. त्याला खाली काढा. भरायला काही नसले तर नसू द्या. ज्याने तो भरून पाठवला त्याच्या फळीवर एक जागा मोकळी आहे, आणि ती पाहत बसलेले माणूस अजून घरात आहे. ते आहे तोवर डबा पोचता करा.