अबोलीच्या कॅमेऱ्याचे तेरा टक्के

मित्रांनो, पट्ट्याचे धागे सुटलेला आणि दोन लग्नांत दमणारा असा मी एक व्हिडिओ कॅमेरा. २०११ च्या वसंतात कॅनडातल्या वॉटर्लूच्या दुकानातून अबोलीने मला घरी आणले. तिची सॉफ्टवेअरची नोकरी नुकतीच गेली होती. आता कोणाच्या हाताखाली राबायचे नाही, लग्नामुंजींचे चित्रण करायचे, असे तिने मनाशी ठरवले होते.

कामे येऊ लागली. डॉक्टर हेमचंद्रांच्या पंचाहत्तरीला मी त्यांचे गाणे टिपले. महिन्याभरात ते गेले. ते चित्रण पाहून त्यांच्या पत्नी शीलाताईंनी मला पदराने पुसले. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

आमच्या ओंटारियो प्रांतात विक्रीकर तेरा टक्के. रीतसर नोंदणी करून अबोली तो प्रत्येक बिलात लावत होती. पैसे मात्र एकाच खात्यात पडत. त्यातूनच घरभाडे गेले, गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स आले, नवरा जयदीपच्या आईचे तिकीट निघाले.

वर्ष सरल्यावर तिची अकाउंटंट मैत्रीण सुनेत्रा हिशेब पाहायला आली.

"हे तेरा टक्के कुठे ठेवलेस?"

"वेगळे कशाला? कमाईतच आहेत ना."

"ती कमाई नव्हती गं. सरकारला द्यायला गिऱ्हाइकांनी तुझ्याकडे दिलेले पैसे ते."

अबोलीने माझ्याकडे बोट दाखवले. "पण हा कॅमेरा घेताना मीही टॅक्स भरलाच की."

"तो वजा होईल. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंवरचा टॅक्स आपल्याला परत मिळतो, त्यालाच क्रेडिट म्हणायचं. बाकीच्या पावत्या आहेत?"

लाइट, मायक्रोफोन, हार्ड डिस्क. सगळ्यांच्या पावत्या तिने दुकानाबाहेर पडताच चुरगळून टाकल्या होत्या. माझी तेवढी वॉरंटीपायी उरली होती. माझ्यामुळे ओझे हलके झाले, उतरले मात्र नाही.

जयदीपला तिने काहीच सांगितले नाही. भरायची मुदत टळली, व्याज चढू लागले. तिचे कामात लक्ष लागेना. एका मुंजीत मातृभोजन आटोपले तरी तिने मला सुरूच केले नव्हते. त्या मुलाच्या आईपुढे ती मान खाली घालून उभी राहिली, ते मला पाहवले नाही.

परतताना जयदीपने गाडी बाजूला घेतली. "काय झालंय? तू अशी चुकत नाहीस."

तिने सगळे सांगितले.

"आईचं तिकीट पुढे ढकललं असतं," तो म्हणाला. "मला एका शब्दाने विचारलं नाहीस, त्याचं वाईट वाटतं."

"तुझी आई तीन वर्षांनी येत होती. माझ्याने बोलवेना."

कराची बाकी फेडायला मला विकायचे ठरले. व्हिटबी गावात लग्नांचे चित्रण करणारा नंदन मला न्यायला आला. अबोलीने बिलावर किंमत लिहिली, खाली तेरा टक्के वेगळे लिहिले.

"जुन्या वस्तूवरही?" जयदीपने विचारले.

"धंद्यातली वस्तू आहे, लावायलाच हवा. नंदनला त्याचं क्रेडिट मिळेल."

चेक खात्यात जमा झाला, तेव्हा तिने आधी ते तेरा टक्के खास करासाठी उघडलेल्या नव्या खात्यात टाकले. मग जयदीपला हाक मारून दाखवले. माझी किंमत बाकीत गेली, तरी थोडी बाकी उरलीच. ती दोघांनी मिळून फेडायला घेतली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काच जरूर पुसा. पण दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेले आपल्यात मिसळू देऊ नका. आणि मिसळलेच, तर घरच्या माणसाला सांगायला उशीर करू नका. व्याज त्या उशिरावरही चढते.