डोंगरावर नाव घ्यायचं नाही

आमचे बाबा, म्हणजे बोरगावचे रामाजी, दर नागपंचमीला नागद्वारच्या यात्रेचा जथा घेऊन जात. कपाशी निंदायची राहिली असो की संत्र्याची झाडं किडीने खाल्ली असोत, श्रावण लागला की त्यांचं चित्त पचमढीच्या डोंगरात. सौंसरहून छोट्या गाडीने छिंदवाडा, पुढे तामियाच्या अंगाने पायी. कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं, कुठल्या कड्याला हात जोडायचे, कुठल्या चढणीवर कोणतं गाणं म्हणायचं, हे सगळं त्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेलं. जमिनीपेक्षा त्यांना याचाच तोरा जास्त होता.

आणि एक नियम होता. चढण लागली की कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. बाप असो, लेक असो, सगळे भगत. "महादेवाच्या दारात आपलं नाव मिरवत कोणी जाते का?" असं बाबा म्हणायचे. लहानपणी मला हा नियम फार आवडायचा, कारण वर गेलं की बाबांनाही "ए भगत" म्हणता यायचं.

सत्तावन्न साली माझा धाकटा भाऊ गुणवंता यात्रेसाठी मुद्दाम रजा काढून आला. तो आधी नागपूरला सचिवालयात कारकून होता. आदल्या वर्षी राज्यांची मोडतोड झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि आमच्या गुणूची उचलबांगडी झाली ती थेट भोपाळला. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांचं काय जातं? इकडे बाबांना वेगळीच चिंता. पोरगं इतकं लांब गेलं, आता ही वाट कोण शिकणार? म्हणून तो आला तेव्हा त्यांनी जथ्याचा डफ त्याच्या गळ्यात अडकवला. "यंदापासून हा तुह्या हाती. वाट पाहून ठेव, मी काही जलमभर पुरत नाही," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी ते सगळ्यांशी गोड बोलत होते, आणि हे त्यांच्या स्वभावात मुळीच नव्हतं.

मी तेव्हा विधवा होऊन माहेरीच राहत होते, आणि जथ्यात होते. पहिली चढण चढून आम्ही ओढ्यात पाय सोडून बसलो. भाकरीवर ठेचा घेत गुणू म्हणाला, "ताई, भोपाळात मले नावानं कोणीच हाक नाही मारत. हापिसात नागपुरी बाबू, घरमालकाचा बाबूजी. वाटलं, घरी जाऊ, पोटभर आपलं नाव आयकू. त इथंबी भगत!"

मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "गुण्या, मेल्या, पाय काढ पाण्यातून."

तो असा हसला की भाकरी घशात अडकली. बाबांचे कान तिखट. "कलाबाई, भगत म्हण!" ते गरजले. रागाच्या भरात त्यांनी स्वतःच माझं नाव घेतलं होतं. आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. त्याचं ते शेवटचं हसणं.

पुढच्या कड्यापाशी धुकं उतरलं. नागद्वारच्या वाटेवर धुकं काही नवीन नाही, पण त्या दिवशी आपलाच हात आपल्याला दिसेना. डफाची दोरी सुटली म्हणून गुणू बांधायला मागे थांबला आणि वळणाआड राहिला. बाबांनी हाक दिली, "ओ भगत!" समोरच्या डोंगराच्या धारेवरून उत्तर आलं, खालून आलं, मागून आलं. त्या डोंगरात किती तरी जथे होते आणि सगळेच भगत. मी ओरडले, "गुण..." तेवढ्यात बाबांचा तळवा माझ्या तोंडावर बसला.

"नाव नको. भगत म्हण."

मग आम्ही सगळे भगत, भगत म्हणून ओरडत राहिलो. जिकडून तिकडून भगत ऐकू येत होतं. गुणू आला नाही.

धुकं विरल्यावर खालच्या नाल्यात त्याचं प्रेत दिसलं. डफ वरच एका झुडपात अडकला होता.

"पाय घसरला. देवाची मर्जी," बाबा येईल त्याला सांगत. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, पण शब्द नाही. त्यांचा तळवा मला माझ्या तोंडावर सारखा जाणवायचा. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या महादेवाचाही.

संत्री तोडणीला आली तेव्हा बागेत एक अनोळखी माणूस आला. कवडू नाव, काटोलकडचा. पूर्वी शेजारचाच म्हटला असता, आता परराज्यातला. बोरगावच्या जथ्यातला पोरगा त्या कड्यावरून गेला, हे त्याला बाजारात कळलं होतं. तो उभ्याउभ्याच बोलला.

"त्या दिशी धुक्यात आमच्या जथ्यातला एक म्हातारा मागं राह्यला होता जी. मी समोरच्या धारेवरून ओरडून राहिलो होतो, 'भगत, इकडं ये, वाट इकडं हाय!' त धुक्यातून आवाज आला, 'आलो भगत, आलो!' मले वाटलं, आमचाच म्हातारा. मंग दगड गडगडले. आन आमचा म्हातारा त पाठीमागून आला." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "तुमचं पोरगं माह्या हाकेनं गेलं जी. मधात दरी होती, ते त्याले दिसलं नसन."

बाबा हातातल्या संत्र्याकडे पाहत होते.

"आवाज कसा होता त्याचा?" त्यांनी विचारलं. "भेला होता का?"

"नाही जी. खुश होता. कोणीतरी बोलावून राह्यलं म्हणून खुश."

बाबांनी त्याला सडकेपर्यंत पोचवलं, संत्र्यांची टोपली दिली. परत आले आणि झाडाखाली बसले. "नावाची हाक मारली असती, त त्याले समजलं असतं," ते म्हणाले. "तो माह्या आवाजाकडं आला असता. म्या मारू नाही देल्ली." हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी कितीतरी दिवस टपून बसले होते. ऐकले, आणि मला रडू फुटलं. त्या दिवशी मी त्यांना जवळ बसून जेवू घातलं.

पुढच्या नागपंचमीला बाबा जातील असं गावात कुणालाच वाटलं नव्हतं. पण ते निघाले. डफ त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला. चढणीच्या पायथ्याशी जथा थांबवून म्हणाले, "आजपासून वर नावानं हाक मारायची. महादेवाले राग आला, त माह्यावर येऊ द्या." म्हातारी माणसं कुरकुरली, पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाली.

त्या कड्यापाशी पुन्हा धुकं होतं. लोक एकमेकांना नावाने हाका मारत सावकाश पुढे सरकत होते. कुणी चिंधूला बोलावत होतं, कुणी भिवाजीला, आणि ज्याची हाक तोच ओ देत होता. बाबा कड्याच्या अलीकडे थांबले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पुन्हा हलले. मी त्यांच्याजवळ गेले, दरीकडे तोंड केलं आणि छातीत होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "गुणवंताऽ! गुणूऽ!"

या वेळी बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला नाही.